पुनरुज्जीवनाचा आराखडा आलाय, पण माळ कोण कधी वापरतं ते कुणी विचारलंच नाही

माणगंगा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ काढून वाचा.

आमच्याकडं (माण-खटावचा दुष्काळी पट्टा, गावाचं नाव मुद्दाम देत नाही) दहा-बारा गावांचं मिळून एक मोठं काम येऊ घातलंय. परिसंस्था पुनरुज्जीवन असं नाव आहे. ओढे, पाणलोट, झाडं, जैवविविधता सगळं एकत्र, थोडा पैसा सरकारी योजनांचा, थोडा कंपन्यांच्या सीएसआरचा. ऐकून आधी मला आनंदच झाला. इथं पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा, मार्च आला की विहिरी तळाला आणि मग टँकर, हे लहानपणापासून बघतेय.

मग व्हॉट्सॅपवर नकाशाची पीडीएफ आली. ओढ्याकाठ निळा, शेती पिवळी, आणि गावामागचा सगळा माळ, गायरान आणि त्याला लागून असलेली वनजमीन हे सगळं एकाच गडद हिरव्या रंगात. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, पडीक क्षेत्र, समतल चर, वृक्षलागवड, ५ वर्षं चराईबंदी.

त्या हिरव्या रंगाखाली काय काय आहे ते सांगते. पावसाळाभर धनगरांची मेंढरं असतात. गावातल्या भूमिहीन घरांच्या शेळ्या वर्षभर तिथंच. दसऱ्यानंतर बायका गवत कापतात, भारे बांधून दुभत्या जनावरांना साठवतात. एका कोपऱ्यात चार-पाच घरं कित्येक वर्षं बाजरी-मटकी करतायत, सातबाऱ्यावर नाव नाही. आणि चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे, हिवाळ्यात भोवत्या येतात मध्य आशियातून, ते रात्री गवतातच जमिनीवर बसतात. यातलं काहीही त्या कागदावर नाही.

मला काम व्हायला हवंय. पण असं नको. ज्यांनी असे आराखडे जवळून बघितलेत त्यांनी सांगा की नेमकं काय मागायचं, आणि कुणाकडं. नुसता विरोध केला तर पैसा दुसऱ्या तालुक्यात जाईल आणि आम्ही तसेच राहू.

भूगोलवेडी

ताई, मी जीआयएसमध्ये काम करते, असे नकाशे बनताना रोज बघते म्हणून सांगते, तो हिरवा रंग कसा येतो.

वरून आकडा येतो आधी. जागा नंतर शोधतात. बॉन चॅलेंज म्हणून एक जागतिक उपक्रम आहे २०११ चा, देशांनी आपणहून वचन द्यायचा, त्यात भारताने २०१५ साली सांगितलं की २०२० पर्यंत १ कोटी ३० लाख हेक्टर आणि २०३० पर्यंत आणखी ८० लाख हेक्टर जमीन पूर्ववत करू. २०१९ मध्ये दिल्लीला वाळवंटीकरणाची परिषद झाली तेव्हा तो आकडा वाढवून २ कोटी ६० लाख केला. शिवाय हवामान कराराखाली २०३० पर्यंत झाडं-जंगलं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषायचं वचन आहे ते वेगळंच. आता एवढी जमीन आणायची कुठून? शेतीला हात लावता येत नाही, शहराला तर नाहीच. मग केंद्राचा पडीक जमिनींचा अ‍ॅटलास काढतात. २०१९ च्या अ‍ॅटलासमध्ये देशात साधारण ५ कोटी ५७ लाख हेक्टर अशी जमीन दाखवलीय, म्हणजे देशाच्या जवळपास १७ टक्के, आणि त्यात झुडपी रान, चराऊ जमिनी, मुरमाड माळ हे सगळं येतं.

आणि सॅटेलाइटचं चित्र कुठल्या महिन्यातलं घेतलं यावर सगळं बदलतं. एप्रिलचं चित्र घेतलं तर तुमचा माळ उजाड, तपकिरी. सप्टेंबरचं घेतलं तर तोच माळ हिरवागार. वर्षाची तीन-चार चित्रं लावून बघितली की गवताळ माळ आणि खरंच धूप होऊन गेलेली जमीन वेगळी काढता येते, अवघड नाहीये ते. पहिली मागणी हीच करा, कुठल्या महिन्यांच्या चित्रांवरून वर्गीकरण केलंय ते लेखी द्या म्हणावं.

पण लांडगा आणि सप्टेंबरचं गवत हे तरी चित्रातून किंवा कॅमेऱ्यातून कळेल, मेंढपाळ कळणार नाही. तो जून ते ऑक्टोबर असतो आणि सर्व्हेवाले बहुतेक उन्हाळ्यात येतात, कारण पावसाळ्यात चिखल असतो आणि मार्चमध्ये निधी संपवायचा असतो.

हिरवाई

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आमचा ग्रुप दर पावसाळ्यात लागवडीला जातो, पुण्याजवळच्या एका टेकडीवर बरीच वर्षं करतोय. टेकडी पूर्ण बोडकी होती. शेळ्या रोज यायच्या, एक रोप टिकू देत नव्हत्या. जाळी मारली, राखणदार ठेवला, तेव्हा कुठं झाडं उभी राहिली, आता तिथं पक्षी आहेत, सावली आहे, लोक फिरायला येतात. अतिचराई ही खरी गोष्ट आहे, ती नाकारून चालणार नाही. हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना माहितीय, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली म्हणूनच तिथं डोंगरावर गवत आणि विहिरीत पाणी आलं. पाच वर्षं बंदी हा काही अन्याय नाही. थोडं सोसावं लागतं, मग सगळ्यांचंच भलं होतं.

वाड्यावरचा

हिरवाई दादा, तुम्ही मनापासून झाडं लावता याबद्दल आदर आहे. मी मेंढपाळाच्या घरातला, आता बारामतीला एमआयडीसीत कामाला आहे पण वडील आणि चुलते अजून वाड्यावरच (मेंढरांबरोबरच्या फिरत्या तळावर) असतात, म्हणून थोडं सांगतो.

थोडं सोसावं लागतं ते कुणाला ते बघा. हिवरे बाजारची बंदी गावानं आपल्या ग्रामसभेत घेतली, आणि गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा ठेवली. ज्यांच्याकडं गाई-म्हशी आहेत, शेत आहे, त्यांना ती पद्धत जमते, भारा आणून गोठ्यात टाकता येतो. दोनशे मेंढरांना विळ्यानं गवत कापून कोण घालणार? मेंढरू चालत चालत चरतं, त्याला रोज नवीन रान लागतं. पाच वर्षं माळ बंद म्हणजे आमच्या घरात मेंढरं विकायची आणि मजुरीला जायचं. सहाव्या वर्षी माळ उघडला तरी मेंढरं कुठनं आणणार?

आमचं वर्ष कसं असतं ते लिहितो, म्हणजे माणगंगाताईंना उपयोग होईल. मृगाच्या आधी वाडा गावाकडं परततो. पावसाळाभर घरचा माळ, कारण गवत तेव्हाच असतं आणि मेंढीला चिखल सोसत नाही, मुरमाड माळावर पाणी थांबत नाही म्हणून खूर सडत नाहीत. दिवाळी झाली की वाडा हलतो, कुणी कोकणात उतरतं, कुणी भीमेच्या काठानं जातं. वाटेत शेतकरी शेतात मेंढरं बसवतात, रात्रभराच्या लेंड्या-मुताचं खत मिळतं, त्याचं धान्य नाहीतर पैसे देतात. असं करत मे अखेरीस परत. म्हणजे माळाला सात महिने आमच्याकडून विश्रांतीच असते. माळ उघडाबोडका करतात ते बहुतेक वर्षभर एकाच जागी चरणारी जनावरं, आणि ती पण गरिबाचीच आहेत, त्यांना पण दोष देत नाही मी, त्यांना जायला दुसरी जागा नाही. पण सगळ्यांना एकच बंदी लावली तर जो सात महिने नसतोच तो पहिला मरतो.

आणि चरांबद्दल. मेंढरांच्या वाटेवर खोल चर आडवे खणले की कळप नेता येत नाही, कोकरं आत पडतात. आमच्याकडं शेजारच्या गावात झालंय हे. ओळीनं चर, मध्ये वाट सोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. विचारलं तर म्हणाले डिझाइन वरून आलंय.

अरण्यवाट

बरीच वर्षं वनसेवेत होतो, आता निवृत्त. चर्चा चांगली चाललीय, यात थोडी तांत्रिक बाजू घालतो.

माळावर झाडं का टिकत नाहीत याचं उत्तर जमिनीत आहे. दख्खनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा खडक. पाऊस चारशे ते सहाशे मिलिमीटर. अशा जागी निसर्गानंच गवत दिलंय, शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी, जिथं चराई जास्त झाली तिथं कुसळी. या गवतांची मुळं मातीला घट्ट धरतात आणि कार्बन जमिनीखाली साठवतात, आग लागली, दुष्काळ पडला तरी तो तिथंच राहतो. हे गवत उकरून खड्डे घेतले, वर मुरूम पसरला, की रोप तर दोन उन्हाळ्यांत जातंच, गवत पण जातं. मग टिकावं म्हणून ग्लिरिसिडिया लावतात, कारण शेळी ते सहसा खात नाही आणि ते पाण्याविना तग धरतं. वरून हिरवं दिसतं, त्याखाली चिंकारा राहू शकत नाही, भोवत्या बसत नाहीत, मेंढरू चरत नाही. लांडगा उघड्या माळाचा प्राणी आहे, त्याला लांबवर नजर लागते.

तरीही खड्डेच का घेतले जातात? कारण मोजता येतात. हेक्टरी इतके खड्डे, इतकी रोपं, इतका खर्च, सगळे दरपत्रक तसं बांधलेलं आहे. राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं, ज्यानं खाली काम केलंय त्याला माहितीय की जागा शोधताना माळ आणि गायरानंच डोळ्यांसमोर यायची. २०२३ मध्ये केंद्राचे ग्रीन क्रेडिटचे नियम (लागवडीच्या बदल्यात क्रेडिट मिळायचे) आले, २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडं अशी अट होती. वीतभर मातीच्या माळावर हेक्टरी ११०० झाडं ही कल्पनाच चुकीची आहे, हे मी नोकरीत असतानाही सांगायचो आणि आताही सांगतो. कॅम्पाचंही (भरपाई वनीकरणाच्या निधीचंही) तसंच, कुठंतरी धरणाला किंवा खाणीला जंगल गेलं की त्याच्या बदल्यात दुसरीकडं लावायचं, आणि त्या दुसरीकडंच्या यादीत हीच जमीन.

हिरवाई, तुमची टेकडी कदाचित खरंच झाडांची असेल, मातीची खोली आणि जुनी झाडं बघून ते ठरतं. ओढ्याकाठी, नाल्याच्या घळीत, डोंगराच्या सावलीच्या बाजूला जिथं माती साठलीय तिथं जरूर लावा, करंज, उंबर, जांभूळ, बाभूळ. तिथं झाडांची गरजच आहे. नकाशातला निळा पट्टा वाढवा आणि हिरवा कमी करा, असं माझं ताईंना सांगणं.

करमाळकर७७

आमच्या भागाचा अनुभव कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. आराखडा माणसांना न विचारता केला की काय होतं ते सोलापूर-नगरला विचारा.

१९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. पक्षी वाचला पाहिजे यात दुमत नाही, राजबिंडा पक्षी आहे, आमच्या वडिलांनी शेतात बघितलाय. पण क्षेत्र किती घेतलं तर जवळजवळ ८५०० चौरस किलोमीटर. त्यात गावं, शहरं, शेती, साखर कारखाने, रस्ते, सगळं आलं. प्रत्यक्ष संरक्षित गवताळ तुकडे त्यात लहान लहान, नान्नजला आणि आणखी काही ठिकाणी. बाकी लोकांची खासगी जमीन. मग जमीन विकायला, घर बांधायला, बिगरशेती करायला परवानग्यांची भानगड, गावोगाव व्यवहार अडकले. तीस वर्षांहून जास्त काळ असं चाललं आणि शेवटी क्षेत्र कमी करून साधारण १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्या तीस वर्षांत लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल अढी बसली, माळढोक दिसला तर सांगू नका, नाहीतर जमीन जाईल, असं म्हातारी माणसं पोरांना सांगायची. पाणी आलं, ऊस आला, माळ नांगरले गेले, आणि आता नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

नगर जिल्ह्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य फक्त २.१७ चौरस किलोमीटर आहे, पुणे जिल्ह्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर ५.१४, आणि तिथं काळवीट आणि चिंकारा आहेत. लहान केलं म्हणजेच चांगलं असं म्हणत नाही मी, कळप बाहेर शेतात येतात आणि तूर-हरभरा खातात तो त्रास तिथंही आहे. पण रेषा मारताना आत कोण राहतं हे बघितलं पाहिजे.

गोदाकाठ

बीडकडचा आहे. सगळे मेंढरं आणि पक्षी बोलतायत, माणगंगाताईंनी पहिल्या पोस्टमध्ये जी चार-पाच घरं लिहिलीत बाजरी-मटकी करणारी, त्यांच्याबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून मुद्दाम आलो.

मराठवाड्यात गायरान म्हणजे कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा एवढंच नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले, मागणी काय तर पडून असलेली सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. ज्यांना गावात इंचभर जमीन नव्हती, ज्यांना गावकीची कामं करून भाकरी मागावी लागायची, त्यांनी दगड वेचून गायरान लागवडीखाली आणलं. पुढं सरकारनं १४ एप्रिल १९९० ही तारीख ठरवली, त्याआधीपासून कसत असलेल्यांची, विशेषतः दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. पुष्कळांची झालीच नाहीत. दंडाच्या पावत्या आहेत, पीकपाणी आहे, सातबारा नाही.

मग २०११ ला सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग निकाल आला, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा. २०२२ ला मुंबई हायकोर्टानं गायरानाचा विषय स्वतःहून घेतला आणि गावोगाव नोटिसा लागल्या. पण जगपाल सिंग निकाल नीट वाचा, त्यातच लिहिलंय की भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी आदेशानं पट्टा दिलेला असेल तर तो अपवाद होऊ शकतो. नोटीस लावणारे हे वाक्य वाचून दाखवत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूनं आता त्याच गायरानावर सोलर येतंय, शेतीपंपांना दिवसा वीज द्यायच्या योजनेत सरकारी जमीन प्राधान्यानं घेतात. म्हणजे भूमिहीनानं कसलं तर अतिक्रमण, पॅनल लावले तर विकास, झाडं लावली तर पर्यावरण. एकाच जमिनीवर तीन खाती तीन रंग मारून बसलेत.

पर्यावरणवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं, मेंढपाळ आणि दलित शेतकरी यांच्यात भांडण लागेल असा नकाशा काढू नका. चराऊ क्षेत्र वाचवायचं म्हणून सगळ्यात आधी कुणाला हुसकता येतं? ज्याच्या मागं कुणी नाही त्याला. गावातल्या मोठ्या बागायतदारानं बांध सरकवून दहा एकर आत घेतलेले असतात, त्याला नोटीस जात नाही.

वाड्यावरचा

@गोदाकाठ, बरोबर बोललात. आमच्या गावात पण हे भांडण लागलंय दोनदा. माळ कमी पडायला लागला की मेंढरं त्यांच्या पिकात जातात, मग मारामारी. पण बसून बोललं तर मार्ग निघतो, त्यांची मटकी निघाली की रान मोकळं होतं, मग मेंढरं बसवली तर त्यांनाही खत मिळतं. आमच्या चुलत्यांनी एका घराशी असं ठरवलंय, अजून टिकलंय. हे नकाशावर कसं दाखवायचं?

भूगोलवेडी

दाखवता येतं. एका जमिनीला एकच रंग हा नियम सोडायचा. प्रत्येक तुकड्याला बारा महिन्यांची पट्टी जोडायची, जून-ऑक्टोबर मेंढरं, ऑक्टोबर-डिसेंबर गवतकापणी, फेब्रुवारी-मे पक्ष्यांची आणि गवताची विश्रांती, पेरणी असेल तर ती. सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या दिवसाचं काम आहे. माहिती गोळा करायला मात्र वाड्यावर जाऊन बसावं लागेल, माळावर त्यांच्याबरोबर चालावं लागेल, आणि तो खर्च कुठल्याच टेंडरमध्ये धरलेला नसतो.

रणवाट

कामानिमित्त काही वर्षं भुजला होते म्हणून बन्नीबद्दल लिहिते, मोठ्या प्रमाणावरच्या कामाचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

कच्छच्या उत्तरेला बन्नी, साधारण २५०० चौरस किलोमीटर गवताळ प्रदेश, मालधारी लोक तिथं पिढ्यान् पिढ्या गुरं चारतात. १९५५ ला ते राखीव नाही पण संरक्षित वन म्हणून जाहीर झालं, तरी प्रत्यक्ष ताबा कुणाचा यावर महसूल आणि वन या दोन खात्यांतच वर्षानुवर्षं घोळ राहिला. १९६१ पासून रणाचा खारटपणा पुढं सरकू नये म्हणून तिथं विलायती बाभूळ लावली गेली. हेतू चांगलाच होता. ती एवढी पसरली की तिथले लोक तिला गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ म्हणतात. शेंगा खाऊन गाई आजारी पडायच्या, म्हणून मालधारी गाईंकडून म्हशींकडं वळले, रात्री चरणारी बन्नी म्हैस आता प्रसिद्ध आहे. आणि गवत गेल्यावर पुष्कळ गरीब घरं त्याच बाभळीचा कोळसा पाडून जगायला लागली.

आता गवत परत आणायचं म्हणून बाभूळ काढायची म्हटलं तर प्रश्न बघा. म्हशीवाल्याला गवत हवंय, कोळसा करणाऱ्याची चूल बाभळीवर चालते, कुणी आतमध्ये कुंपण घालून शेती केलीय, वन खात्याचा आराखडा तुकडे तुकडे बंदिस्त करायचा, आणि त्यात चित्त्यांच्या प्रजनन केंद्राची योजनाही आली. मालधाऱ्यांनी वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा केला, हरित लवादात गेले, २०२१ ला लवादानं कुंपणं काढायला सांगितलं आणि चराईचा सामूहिक हक्क मालधाऱ्यांकडंच राहील असं म्हटलं. इतकी वर्षं लागली कारण सुरुवातीला कुणाला काही विचारलं नव्हतं. माणगंगाताई, तुमच्याकडं अजून खड्डा पडलेला नाही, हे केवढं चांगलं आहे.

हिरवाई

सगळं वाचतोय. गवताचा मुद्दा पटला, मातीची खोली बघून ठरवावं हे अगदी पटलं. आमच्या ग्रुपला पण सांगतो. एक शंका राहते. बंदी अजिबात नको म्हटलं तर जो माळ खरंच खरवडून निघालाय तिथं गवत परत कसं येणार? गवताचं बी तरी पडायला हवं ना?

अरण्यवाट

बंदी लागतेच, पण पाच वर्षं सलग आणि सगळीकडं एकदम लागत नाही. बारमाही गवताला फुलोरा यायला आणि बी पडायला साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर मोकळीक हवी. म्हणून माळाचे चार-पाच भाग पाडायचे, यंदा एक भाग पावसाळाभर बंद, पुढच्या वर्षी दुसरा. बाकीचे भाग चरायला उघडे. जिथं गवताचं मूळच शिल्लक नाही तिथं मारवेल-पवन्याचं बी पेरायचं, चर खणायची गरज नाही. कुठला भाग आधी बंद करायचा हे मेंढपाळाइतकं कुणाला कळत नाही, पहिलं पाणी कुठं पडतं, कुठल्या अंगाला गवत लवकर निबर होतं हे त्यांना तोंडपाठ असतं. राखणदाराचा पगार त्यांच्याच घरातल्या कुणाला दिला तर बंदी पाळली जाते, बाहेरचा माणूस नेमला की रात्री कुंपण तुटतं.

लांडग्याचंही याच्यातच बघा. लांडग्यानं मेंढरू मारलं तर भरपाईचा नियम आहे, पण पंचनामा होईपर्यंत थांबायचं तर कळप अडकतो, म्हणून भटके मेंढपाळ दावाच करत नाहीत. मोबाइलवर फोटो काढून जिथं असतील तिथं अर्ज करता आला पाहिजे, आराखड्यात हे कलम घाला. लांडगा टिकवायचा असेल तर त्याचं नुकसान सोसणारा माणूस आधी टिकला पाहिजे.

वैनगंगा

गडचिरोलीहून. थोडक्यात लिहिते. आमच्याकडं मेंढा (लेखा) ला २००९ मध्येच साधारण १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तिथं बांबू कधी तोडायचा, किती सोडायचा हे ग्रामसभा ठरवते. याउलट ज्या गावांचे दावे पडून आहेत तिथं कॅम्पाच्या पैशातून साग लावायला माणसं येतात, आणि लोक ज्या रानातून मोह-तेंदू आणतात तिथंच लावतात. कागदावर हक्क असला तरच आराखडेवाले दारात येऊन विचारतात, हा अनुभव आहे.

तुमच्या हिरव्या पट्ट्यातली जी वनजमीन आहे तिच्यासाठी वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(घ) बघा, स्थायिक आणि भटक्या दोघांच्याही चराईचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. अडचण अशी की अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वहिवाटीचा पुरावा लागतो. जुन्या चराई पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब, बिरोबाचं किंवा खंडोबाचं माळावरचं ठाणं, वाड्याच्या जुन्या जागा, हे सगळं पुरावा म्हणून चालतं, फक्त गोळा करायला आतापासून लागा. गायरानाला मात्र हा कायदा लागू नाही, ते महसुलाकडं.

माणगंगा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कालच सरपंचांशी बोलले. माणूस चांगला आहे, ऐकून घेतलं. म्हणाले मंजुरीचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवलाय, सगळ्यांनी या आणि बोला.

वाड्यावरचे दादा, तुमचं वर्ष वाचलं होतं म्हणून लगेच लक्षात आलं. २६ जानेवारीला तुमच्यातलं कोण असणार गावात?

वाड्यावरचा

कुणी नाही ताई. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. वाडे तेव्हा कोकणात नाहीतर भीमाकाठी. १ मे ला पण वाटेतच असतात. ग्रामसभा चार, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, त्यातल्या १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाच आमची माणसं घरी. आजवर माळाचे जेवढे ठराव झाले, सोलरचा झाला, लागवडीचा झाला, सगळे जानेवारी नाहीतर मे मध्ये. मुद्दाम केलं असं नाही म्हणत, पण झालं असंच.

गोदाकाठ

आणि आमच्याकडं जानेवारीत निम्मी वस्ती ऊसतोडीला. ज्यांची बाजरी-मटकी आहे ती घरं पण तुमच्याकडं तोडीला जात असतील तर तीही नसणार. म्हणजे त्या दिवशी हात वर करायला फक्त बागायतदार. ताई, ठराव पुढं ढकला, बाकी काही नाही जमलं तरी एवढं कराच.

अरण्यवाट

सहमत. ग्रामसभेला लेखी पत्र द्या की माळ वापरणारे कुटुंबप्रमुख हंगामी स्थलांतरावर असल्यानं हा विषय १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावा, तोपर्यंत फक्त ओढ्याकाठच्या कामाला मंजुरी द्यावी. म्हणजे निधी परत जाणार नाही, काम सुरू राहील, आणि माळाला कुणी हात लावणार नाही. निळ्या पट्ट्यावर कुणाचा वाद नसतो बहुधा.

तोवर तलाठ्याकडून तीन नोंदवह्यांच्या नकला काढा. गाव नमुना एक-अ म्हणजे वनजमिनी, एक-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी, आणि एक-इ म्हणजे अतिक्रमणं. हिरव्या रंगातले गट नंबर या तिन्हींशी ताडून बघा, कुठला तुकडा कुणाकडं आहे ते कळेल आणि बागायतदारांनी किती आत घेतलंय तेही एक-इ मध्ये दिसेल, किंवा तिथं नोंदच नाही हे दिसेल. गायरान असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली ते चराईसाठी नेमून दिलेलं आहे का ते विचारा. निस्तारपत्रक (गावाच्या चराई-सरपणासारख्या वापराची नोंद) तुमच्याकडं असण्याची शक्यता कमी, ते विदर्भात जास्त, तरी विचारायला हरकत नाही.

माणगंगा

उद्याच तलाठ्याकडं जाते. पत्राचा मसुदा इथं टाकते, सुधारून द्या.

वाड्यावरचे दादा, तुमच्या चुलत्यांचा वाडा आत्ता कुठं आहे? कोकणात उतरायच्या आधी गाठता आलं तर मी आणि भूगोलवेडी नकाशाची मोठी प्रिंट घेऊन येतो. कुठल्या अंगाला पहिलं गवत येतं, कुठली वाट मोकळी ठेवायची, ते त्यांच्याच हातानं त्यावर काढून घेऊ. पत्राला तो नकाशा जोडायचाय.

वाड्यावरचा

नीरेच्या अलीकडं आहेत ताई, अजून आठवडाभर एका शेतात मेंढरं बसवलीत. रविवारी या, मी पण सुट्टी काढून येतो. नंबर खासगी निरोपात टाकतो. पेन जाड आणा, चुलत्यांना बारीक दिसत नाही.